विंचवाचं विष, माकुळाची नस आणि तीन अक्षरं



रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तुम्ही आधी साखर बघता, मग कोलेस्टेरॉल, मग हिमोग्लोबिन. त्याच कागदावर 'इलेक्ट्रोलाइट्स' या मथळ्याखाली तीन ओळी असतात : सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. शेजारी बाण नसेल तर कोणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. बाण असेल तर मात्र प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, मीठ बंद करू का?" किंवा उलट, "मीठ वाढवू का?"

या तीन ओळींमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा गणिताचा आहे. घाबरू नका. मीसुद्धा गणिताला घाबरूनच मेडिकलला आलेल्यांपैकी आहे, त्यामुळे समीकरणं लिहिणार नाही. पण ही गोष्ट झुरिकपासून सुरू होऊन आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडपर्यंत येते आणि शेवटी तुमच्या-माझ्या अंगणातल्या जांभ्या दगडाखाली जाऊन बसते, म्हणून ती सांगावीशी वाटली.

आधी आयन म्हणजे काय ते थोडक्यात. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात. एक सोडियम, त्यावर विजेचा धन भार. दुसरा क्लोराइड, त्यावर ऋण भार. भार असलेल्या अशा कणाला आयन म्हणतात. आपलं शरीर म्हणजे अशा खारट पाण्याच्या असंख्य पिशव्या. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर आणि पोटॅशियम नाममात्र. पेशीच्या आत बरोबर उलटं. रिपोर्टमध्ये जो पोटॅशियमचा ४.२ वगैरे आकडा दिसतो तो बाहेरचा. आतला आकडा १४० च्या आसपास असतो. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं आहे आणि आपण तपासतो ते उरलेल्या दोन टक्क्यांतलं. तरीही त्या दोन टक्क्यांवर माणूस जगतो किंवा मरतो. का, ते पुढे येईल.

आता १८५५ साल. झुरिकमध्ये अडॉल्फ फिक नावाचा पंचविशीतला वैद्यकाचा पदवीधर शरीरक्रियाशास्त्रावर काम करत होता. त्याला पडलेला प्रश्न असा : मीठ पाण्यात पसरतं ते किती वेगाने? उष्णता लोखंडाच्या सळईतून कशी पसरते याचं गणित फ्रान्समध्ये फूरिएने आधीच मांडून ठेवलं होतं. फिकने ते उचललं आणि उष्णतेच्या जागी मीठ ठेवलं. नियम साधा निघाला. दोन ठिकाणच्या खारटपणातला फरक जितका मोठा आणि अंतर जितकं कमी, तितकं मीठ वेगाने सरकतं. कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही. कणांची नुसती इकडेतिकडे धडपड चालू असते आणि त्या गोंधळातून गर्दीकडून मोकळ्या जागेकडे एक संथ ओघ तयार होतो. यालाच विसरण म्हणतात.

या नियमातून एक विचित्र गोष्ट बाहेर पडते, आणि लोणचं घालणाऱ्या प्रत्येक बाईला ती ठाऊक आहे. कैरीच्या फोडी बारीक केल्या तर मीठ लवकर मुरतं. फोड दुप्पट जाड केली तर मुरायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. पाण्यातल्या लहान आयनाला पेशीच्या रुंदीएवढं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. १ मिलिमीटरला सुमारे ८ मिनिटं लागतात. १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास. आणि १ मीटरला? सुमारे १६ वर्षं.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पायाच्या अंगठ्याला विंचू चावला आणि ती बातमी आयनांच्या नुसत्या पसरण्याने वर पोहोचायची असती, तर आज चावलेल्या विंचवाची कळ कमरेपर्यंत यायला १६ वर्षं लागली असती. प्रत्यक्षात माणूस त्याच क्षणी किंचाळतो. म्हणजे नसांमधून जाणारी बातमी नुसत्या विसरणाने जात नाही. मग कशी जाते? हा प्रश्न सोडवायला शास्त्रज्ञांना फिकनंतर जवळजवळ शंभर वर्षं लागली.

पहिली पायरी जर्मनीतल्या वाल्थर नर्न्स्टने १८८०च्या दशकाच्या अखेरीला बांधली. त्याला वैद्यकाशी देणंघेणं नव्हतं, तो बॅटरीचा माणूस. पण त्याचं म्हणणं पेशीला जसंच्या तसं लागू पडलं. समजा पेशीच्या कातडीतून, म्हणजे पटलातून, फक्त पोटॅशियमला बाहेर पडायला वाट आहे. आत १४०, बाहेर ४. फिकच्या नियमाने पोटॅशियम बाहेर धावणार. पण प्रत्येक कण जाताना आपला धन भार घेऊन जातो आणि मागे ऋण भार ठेवून जातो. मागे राहिलेला हा ऋण भार पुढच्या कणांना मागे खेचू लागतो. एका क्षणी बाहेर ढकलणारी गर्दी आणि आत ओढणारी वीज सारख्या होतात. त्या क्षणी पटलाच्या आतबाहेर किती विजेचा दाब असेल ते नर्न्स्टच्या सूत्राने काढता येतं. वरचे आकडे घातले तर उत्तर येतं उणे ९४ मिलिव्होल्ट. १९०२ साली ज्युलियस बर्नस्टाइनने हेच सूत्र स्नायू आणि नसांना लावलं आणि सांगितलं की स्वस्थ बसलेली पेशी ही एक भारलेली बॅटरी आहे.

आता मघाचा दोन टक्क्यांचा प्रश्न. बाहेरचं पोटॅशियम ४ चं ८ झालं असं धरा. आतले १४० तसेच. सूत्रात घाला : उणे ९४ चे उणे ७६ होतात. आतलं पोटॅशियम ४ ने वाढून १४४ झालं असतं तर उत्तरात फरकसुद्धा कळला नसता, कारण सूत्र बघतं ते दोन्हींचं गुणोत्तर. बाहेरचा आकडा मुळात लहान, म्हणून त्यात थोडीशी भर पडली तरी गुणोत्तर कोसळतं. हृदयाची प्रत्येक पेशी या बॅटरीवर चालते. ती अशी उतरली की ठोके मंद होतात, वेडेवाकडे होतात, आणि हृदय थांबूही शकतं. म्हणून ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा ज्यांना रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांना आम्ही शहाळ्याबद्दल विचारतो. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायची पद्धत आहे. किडनीच्या रुग्णाला मात्र ते विचारल्याशिवाय देऊ नका. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे पुडे मिळतात त्यातही सोडियमची जागा पोटॅशियमने घेतलेली असते, हेही पुड्याच्या मागे वाचून बघा. हे सगळं १८८०च्या दशकातल्या एका बॅटरीवाल्याच्या सूत्रातून येतं.

बर्नस्टाइनची बॅटरी स्वस्थ पेशीपुरती ठीक होती. बातमी जाते तेव्हा काय होतं हे बघायला नसेच्या आत तार घालायला हवी, आणि माणसाची नस केसापेक्षा कितीतरी बारीक. इथे कथेत माकूळ येतं. हो, आपल्या बाजारात मिळतं तेच माकूळ, त्याच्या समुद्रातल्या भाऊबंदांपैकी एक. माकुळाला धोका दिसला की ते अंगातलं पाणी पिचकारीसारखं सोडून मागे झेपावतं. त्यासाठी त्याच्या अंगात एक जाडजूड नस असते, जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची. १९३६ साली जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने ती शास्त्रज्ञांच्या नजरेला आणून दिली. ज्यांच्या हातून आजवर हजारो माकुळं साफ झाली त्या आपल्या कोळणींना विचारायला कोणी आलं नाही, एवढंच.

१९३९च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर प्लिमथ इथे अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या केंब्रिजच्या दोन तरुणांनी या नसेत आतून तार सरकवली. बातमी जाताना नसेची बॅटरी नुसती उतरत नाही, ती उलटी होते, आतली बाजू क्षणभर धन होते, हे त्यांनी पाहिलं. बर्नस्टाइनच्या सिद्धान्तात हे बसत नव्हतं. काही आठवड्यांतच दुसरं महायुद्ध पेटलं. हॉजकिन रडारच्या कामावर गेला, हक्सली तोफांच्या गणितावर. माकूळ बाजूला राहिलं.

युद्धानंतर कोडं हळूहळू सुटलं. १९४९ साली हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी दाखवलं की नसेभोवतीच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं की बातमीची उसळी खुजी होते. म्हणजे उसळी येते ती सोडियम आत घुसल्यामुळे. बाहेर सोडियम १४० च्या वर, आत १२ च्या आसपास. नर्न्स्टच्या सूत्राने त्याचा दाब येतो अधिक ६५ मिलिव्होल्ट. म्हणजे पोटॅशियमची वाट उघडी असेल तर पेशी उणे ९४ कडे जाते आणि सोडियमची वाट उघडली की अधिक ६५ कडे उसळते. बातमी म्हणजे या दोन वाटांचं उघडणं-मिटणं. नसेच्या एका ठिकाणी सोडियमची वाट उघडली की तिथली वीज शेजारच्या वाटेला जागं करते, ती पुढच्या वाटेला. सोडियमचा कण स्वतः प्रवास करतच नाही. तो फक्त पटलाच्या बाहेरून आत येतो. तेवढंसं अंतर विसरणाला क्षणार्धाचं. लांबचा प्रवास करते ती उघडण्याची लाट. १६ वर्षांचं कोडं असं सुटलं.

मग १९५२ साली हॉजकिन-हक्सली यांनी एकापाठोपाठ पाच शोधनिबंध छापले. शेवटच्या निबंधात सगळं समीकरणात बसवलं होतं. त्यांनी तीन अक्षरं घेतली : एम, एच आणि एन. एम म्हणजे सोडियमची वाट उघडणारा भाग, झटपट. एच म्हणजे तीच वाट मिलिसेकंदभरात आपोआप बंद करणारा भाग. एन म्हणजे पोटॅशियमची वाट सावकाश उघडून पेशीला पुन्हा जागेवर आणणारा भाग. प्रत्येकाची किंमत शून्य ते एकच्या मधली. ही अक्षरं कशाची आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. पटलात अशी दारं खरोखर असतात की नाही, ती कशाची बनलेली, याचा पत्ता नव्हता. मोजमापांशी जुळेल असं गणित त्यांनी बसवलं आणि तसं स्पष्टपणे लिहूनही ठेवलं. मला या कामातला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

समीकरण मांडणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. केंब्रिजचा संगणक नेमका तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. हक्सलीने हाताने दांडा फिरवायचं ब्रुन्सविगा यंत्र घेतलं, जुन्या पेढ्यांवर हिशेबाला असायचं तसलं, आणि सुमारे तीन आठवडे ते फिरवत बसला. शेवटी नसेतून बातमी किती वेगाने जाईल याचं उत्तर आलं : सेकंदाला १८.८ मीटर. माकुळाच्या नसेत प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. कुठल्याही दाराला न बघता, केवळ आकड्यांवरून इतकं जवळ जाणं ही सोपी गोष्ट नव्हे. दोघांना १९६३ साली जॉन एकल्स यांच्यासह नोबेल मिळालं. त्याआधीच, १९६२ साली, लंडनमध्ये डेनिस नोबल नावाच्या तरुणाने हीच समीकरणं थोडी बदलून हृदयाच्या पेशीला लावली होती. त्याला संगणक मिळायचा पहाटे दोन ते चार. आज ईसीजीवर आम्ही जे बोट ठेवून सांगतो त्यातलं बरंचसं समजायला त्या पहाटा कारणीभूत आहेत.

आता इकडे या.

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग धरला की पेण, माणगाव ओलांडून महाड येतं. या साऱ्या पट्ट्यात, आणि पनवेलच्या डोंगराकडच्या वाड्यांमध्येसुद्धा, लाल विंचू राहतो. आकाराने लहान, रंगाने तांबूस. मोठा काळा विंचू बघून लोक घाबरतात, पण जिवावर उठतो तो बहुतेक वेळा हा लहान. १९०० साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने इथल्या लाल विंचवाच्या उपजातीला नाव दिलं 'कॉन्कॅनेन्सिस', म्हणजे कोकणातला. जांभ्याच्या फटी, रचून ठेवलेली लाकडं, भाताचा पेंढा, बाहेर ठेवलेल्या चपला, ही त्याची घरं.

लाल विंचू चावून माणूस मरतो कसा, हे बराच काळ नीट कळलं नव्हतं. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा रुग्णांच्या फुप्फुसात पाणी भरतं असं लिहिलं. गावात मात्र विंचू उतरवणारे होते आणि आरोग्य केंद्रात मिळतील ती इंजेक्शनं. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांनी एक साधी आणि फार अवघड गोष्ट केली : चावलेल्या माणसाजवळ बसून राहिले आणि तासातासाला काय होतं ते लिहून ठेवलं. उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, थंडगार पडणारे हातपाय, लहान मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंग ताठ होणं, मग वाढलेला रक्तदाब, मग हृदय थकणं आणि फुप्फुसात पाणी. आधी काय दिसतं आणि नंतर काय, याचा क्रम त्यांनी पकडला. ही लक्षणं सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

ही लक्षणं कुठून येतात? इथे ते एच अक्षर परत येतं. १९६८ साली जर्मनीत कोपनहॉफर आणि श्मिट यांनी बेडकाच्या नसेवर विंचवाचं विष घातलं (आपल्या नव्हे, वाळवंटी जातीच्या विंचवाचं) आणि हॉजकिन-हक्सलीच्या पद्धतीने मोजलं. सोडियमचं दार उघडत होतं व्यवस्थित, पण वेळेवर बंद होत नव्हतं. म्हणजे एम शाबूत, एच अडकलेला. जे अक्षर १९५२ साली निव्वळ गणिताच्या सोयीसाठी घेतलं होतं, त्यावर नेमकं बोट ठेवणारी वस्तू विंचवाने नांगीत बाळगली होती. म्हणजे ती तीन अक्षरं हवेतली नव्हती. पुढे १९८० साली अमेरिकेत कॅटरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विंचवाच्या विषालाच गळासारखं वापरून सोडियमच्या दाराचं प्रथिन पकडलं.

आपल्या लाल विंचवाचं विषही सोडियमची दारं अशीच उघडी ठेवतं. दार बंद झालं नाही की नस एकच बातमी पुन्हा पुन्हा पाठवत राहते. घाम, लाळ, उलटी घडवणाऱ्या नसा सुटतात. अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन रक्तात ओतलं जातं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध हृदय रेटत राहतं, शेवटी दमतं, आणि रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. मग शेवटच्या घटकेला पुन्हा फिकचाच नियम. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, म्हणून प्राणवायू क्षणात रक्तात उतरतो. तिथे पाणी भरलं की अंतर वाढतं, आणि अंतराचा हिशेब आपण लोणच्यात बघितलाच आहे. रुग्ण बसल्या जागी बुडतो.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून बघितलं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, पण थेंबाथेंबाने शिरेतून द्यावं लागतं आणि सतत रक्तदाब मोजत बसावं लागतं. खेड्यात ते कसं जमणार? मग त्यांची नजर गेली प्राझोसिनकडे. रक्तदाबाची साधी गोळी, स्वस्त, तोंडाने घ्यायची, रक्तवाहिन्या आवळण्याचा आदेश जिथे पोहोचतो ती जागाच अडवणारी. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्यांच्याच नोंदींनुसार ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्राझोसिन सोडियमच्या दाराला हात लावत नाही. दार उघडंच असतं, गोळी फक्त त्यातून आलेल्या पुराला खाली वाट करून देते. हे औषध कुठल्या समीकरणातून निघालेलं नाही, ते रुग्णाच्या उशाशी बसून सापडलं. गणिताने नंतर सांगितलं की ते का पुरेसं नाही : विष जोवर दाराला धरून आहे तोवर पूर येतच राहणार. म्हणून मुळावर घाव घालायला प्रतिविष हवं. २०११ साली बावस्करांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण सावरलेले रुग्ण पहिल्या गटात २२.९ टक्के होते, दुसऱ्यात ९१.४ टक्के. हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे.

त्याच विषात आणखीही काही आहे. १९९० साली आपल्याच लाल विंचवाच्या विषातून अमेरिकी शास्त्रज्ञांनी ३७ अमिनो आम्लांचा एक लहानसा तुकडा वेगळा केला. तो एका विशिष्ट जातीच्या पोटॅशियमच्या दाराला बूच लावतो, बाकी कशाला नाही. नाव दिलं इबेरिओटॉक्सिन. नावात भारताचा मागमूस नाही. जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. ते दार रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्राशयाच्या स्नायूंमध्ये भरपूर असतं. आयआयटी मुंबईत, पवईला, प्रा. रोहित मनचंदा यांच्या गटाने मूत्राशयाच्या स्नायूपेशीचं संगणकावरचं गणिती प्रारूप केलं आहे. २०१८ साली ते छापून आलं आणि त्यात हे दारही मांडलेलं आहे. वारंवार लघवीला लागण्याचा त्रास असलेले तुमच्यापैकी बरेच जण असतील. त्या त्रासामागे ही दारं किती, याचा शोध अशाच गणितातून चालू आहे. पाया मात्र अजूनही हॉजकिन-हक्सलीचाच.

पावसाळा आला की विंचवाची बिळं भरतात आणि तो घरात येतो. तेव्हा हे वाचून बाजूला ठेवू नका. चावल्या जागी भयंकर कळ आहे, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय ऊबदार आहेत, तर बहुधा विष तिथल्या तिथे राहिलंय. दवाखान्यात त्या जागी लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं की कळ थांबते. लिग्नोकेनही सोडियमच्या दाराशीच जातं, फक्त ते दार अडवून धरतं. याच्या उलट, कळ फार नसली तरी उलटी, दरदरून घाम, लाळ किंवा गार पडलेले हातपाय दिसले तर अर्धा तासही घालवू नका, मूल असेल तर मुळीच नाही. वर फडकं आवळून काही साधत नाही, कापून रक्त काढूनही नाही, आणि सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही. ज्यांच्याकडे विंचू उतरवला जातो त्यांच्याकडे माणसाला बरं वाटतं, कारण बहुतेक दंश तसेही सौम्य असतात. उरलेल्यांची वेळ तिथे निघून जाते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं, म्हणून ते पहिल्या काही तासांत मिळालं तर उपयोग. घरातून निघण्याआधीच फोन करून विचारा, की तुमच्याकडे विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन आत्ता, या रात्री, शिल्लक आहे का.